आखूड दोर

बग्गीवाला सकाळी उठला की कुणाशी बोलण्याआधी पागेत जायचा आणि गाठ बघायचा. तोंड धुणं, चहा, बायकोच्या हाका, सगळं त्यानंतर. गाठ रात्री मारली तशीच आहे ना, दोराचं टोक उजवीकडेच आहे ना, पीळ तेवढाच आहे ना, हे तो वाकून, डोळे बारीक करून तपासायचा. गाठ जशीच्या तशी असायची. त्यावर एखाद्याला हायसं वाटलं असतं. याचं मन आणखी पोखरायचं. त्याच्या हिशेबी याचा अर्थ एकच होता. जो कोणी घोडीला हात लावत होता, तो आता ही गाठ मारायलाही शिकला होता.

हा माणूस आईच्या पोटातून संशय घेऊन आला नव्हता. तो त्याला धंद्याने शिकवला. वडील बग्गीवालेच होते आणि म्हणायचे, की घोड्यांच्या बाजारात सरळ माणूस गेला की वाकडा घोडा घेऊन येतो. म्हाताऱ्या घोड्याचे दात कानशीने घासून त्याला तरुण करतात, डोळ्यांवरच्या पांढऱ्या केसांना काळं फासतात, हे त्याला तेव्हाच कळलं होतं. तरी पहिली खरेदी एकट्याने करायला गेला आणि फसला. घोडा बाजारात तुरुतुरु चालला, घरी येऊन दोन्ही पुढच्या पायांनी लंगडायला लागला. लंगडा मुळात एकच पाय होता. व्यापाऱ्याने दुसऱ्या पायाचा नालही मुद्दाम घट्ट ठोकला होता. दोन्ही पाय सारखेच दुखले की चाल सरळ दिसते. या युक्तीचं त्याला इतकं आश्चर्य वाटलं, की राग यायला आठवडा लागला. त्यानंतर मात्र त्याने कोणत्याही गोष्टीकडे एकदाच बघितलं नाही. दुकानदाराने दिलेलं भूस तो तळापर्यंत हात घालून बघे. कुणी स्तुती केली तर ती कशासाठी, हे शोधत बसे.

आताची घोडी त्याने असंच सगळं चाचपून घेतली होती. तांबड्या अंगाची, काळ्या आयाळीची, चालताना मान जरा तिरकी धरणारी. त्या मानेमुळे घरात तिला बाईसाहेब म्हणत. तळ्याभोवती फेऱ्या मारणाऱ्या बग्ग्यांच्या तळावर तिच्याइतकं निगेचं जनावर दुसरं नव्हतं, हे त्याचे वैरीही मान्य करत. फेरीवरून तापून आलेल्या घोडीला तो लगेच पाणी दाखवत नसे. आधी सावलीत हळूहळू चालवी, श्वास उतरला की मग बादली. चंदीचे दाणे ओंजळीत घेऊन खडा निवडी. पट्ट्याखाली रोज उघडा तळवा फिरवी, कारण कातड्याला पडलेली सुरकुती डोळ्यांना दिसण्याआधी हाताला लागते. खूर कोरायचं, खरारा करायचा आणि मगच स्वतः जेवायला बसायचं. बायको म्हणायची, "पुढच्या जन्मी मला चार पाय देऊन बघा. तुम्ही माझे पाय तरी चेपाल."

हिवाळ्याच्या तोंडाला एका सकाळी तो पागेत गेला, तेव्हा घोडीचा छातीचा पट्टा रोजच्या खुंटीवर नव्हता. शेजारच्या खुंटीवर होता. घोडीच्या पोटाखाली, जिथे तंग आवळतात तिथे, वाळलेल्या घामाची पांढरट रेघ होती. आदल्या संध्याकाळी त्याच्या अंगात कणकण होती, डोकं जड होतं, खरारा घाईत उरकला होता, हे त्याला आठवत होतं. पण कितीही घाई असली तरी आपण घामाची रेघ मागे ठेवू, हे त्याला मान्य नव्हतं. म्हणजे घोडीला कुणीतरी नेलं होतं. कुणाला तरी चोरून फिरवून आणलं होतं, पैसे खिशात घातले होते, आणि पट्टा चुकीच्या खुंटीला लावला होता.

पागा म्हणजे घरामागची लांबट पत्र्याची शेड. अर्ध्या भागात घोडी, आणि मधल्या फळ्यांच्या आडोशापलीकडे मेहुण्याचं काम. मेहुणा, म्हणजे बायकोचा धाकटा भाऊ, जुन्या खुर्च्या आणि सोफे उसवून नव्याने भरायचा. त्याच्या दुकानाची जागा गेली तेव्हा बहिणीने त्याला इथे आणलं. जेवायला यायचा, हसवायचा, निघून जायचा. शेडच्या किल्ल्या तीन होत्या. एक बग्गीवाल्याकडे, एक बायकोकडे, एक मेहुण्याकडे.

बग्गीवाल्याने त्याला विचारलं नाही. विचारलं की चोर सावध होतो, हे त्याचं ठाम मत. त्याने गाठ बदलली. वडिलांकडून शिकलेली, तळावर दुसऱ्या कुणाला न येणारी गाठ होती ती. घोडीला भिंतीतल्या कडीला आखूड बांधायचं, एवढं आखूड की दोराला ढील राहू नये, कारण ढील असली की गाठ आपोआप सरकते आणि कुणी सोडली की तीच सरकली हे समजत नाही. गव्हाण छातीच्या उंचीवर होती, त्यामुळे खायला अडचण नव्हती. पाणी तो स्वतः पाजत होता. सकाळी बघितलं तर गाठ शाबूत. दुसऱ्या दिवशीही शाबूत. मग त्याने वरची कडी वापरायला सुरुवात केली आणि दोर आणखी आवळला.

याचा एक फायदाही झाला, असं त्याला वाटलं. पूर्वी सकाळी घोडीच्या कुशीवर शेणाचा हिरवट डाग असायचा, शेपटीत गवताच्या काड्या असायच्या, तो घासून काढण्यात अर्धी सकाळ जायची. आता घोडी रात्री जशी बांधली तशी सकाळी लखलखीत. खरारा नुसता वरवर फिरवला तरी चाले. घोडी वयाबरोबर शहाणी झाली, असं तो बायकोला म्हणाला.

पण घोडी मंदावत गेली. तळावर गिऱ्हाइकाची वाट बघताना तिचा खालचा ओठ लोंबू लागला. मग एका सकाळी त्याला तिच्या पुढच्या दोन्ही पायांना, खुराच्या वरच्या सांध्यापुढे, कातडी सोललेली दिसली. ताजी, रक्त सुकलेली. बग्गीवाल्याने लगेच अर्थ लावला. नुसती नेत नाहीत, पळवतात. पळवतात आणि पाडतात.

तो घोडीला नालबंदाकडे घेऊन गेला. नालबंद म्हातारा, वडिलांच्या वेळचा, ऐकू कमी येणारा.

"पडलीय ही," नालबंद म्हणाला.

"तेच म्हणतोय, काका. कुणीतरी पळवतंय तिला."

नालबंदाने पाय मांडीवर घेऊन खूर उलटा केला. "पळवतंय? नाल बघ की. झिजलाच नाही. रोजच्या कामावर जर ही वर जादा पळत असती, तर एव्हाना लोखंड उरलं नसतं."

बग्गीवाला विचारात पडला. "पायांना काही गुंडाळत असतील. गोणपाट वगैरे. आवाज येऊ नये म्हणून."

नालबंदाने खूर खाली सोडला आणि त्याच्याकडे नीट बघितलं. "हो. आणि डोक्यावर टोपी घालत असतील. ओळखू येऊ नये म्हणून."

बग्गीवाल्याला हसू आलं नाही. घरी येऊन त्याने शेडचा कानाकोपरा गोणपाटासाठी धुंडाळला. मेहुण्याच्या बाजूला गोणपाट ढीगभर होतं. सोफ्याच्या तळाला तेच लावतात. पण पुरावा शोधणाऱ्याला असल्या गोष्टी अडवत नाहीत.

तळावर मिशीवाला म्हणून एक होता. बग्गी तशी खटारा, पण तोंड सगळ्यात चालतं. तो म्हणाला, "काय रे, बाईसाहेबांची शेपटी पातळ दिसतेय. मेहुण्याने सोफ्यात भरली काय?"

सगळे हसले. बग्गीवालाही हसला. संध्याकाळी घरी येऊन त्याने शेपटी वीत लावून मोजली. आधी कधी मोजली नसल्यामुळे काही कळलं नाही.

त्याच आठवड्यात भर दुपारी तो प्रकार घडला. बग्गी तळावर झाडाच्या सावलीत उभी होती. एक बाई लहान मुलीला घेऊन आली, मुलीचा पाय पायरीवर होता. घोडीचं डोकं हळूहळू खाली गेलं, हनुवटी जवळजवळ जमिनीला लागली, आणि पुढचे दोन्ही पाय एकदम मोडल्यासारखे दुमडले. दांड्या करकरल्या, बग्गी पुढे कलली. बाईने मुलीला मागे ओढलं. दुसऱ्याच क्षणी घोडी दचकून उभी राहिली, कान ताठ, डोळे विस्फारलेले, जणू कुणी झोपेतून थोबाडीत मारली. सांध्यांच्या खपल्या पुन्हा फुटून रक्त आलं होतं.

"उपाशी ठेवतात बघा जनावराला," बाई म्हणाली. मोबाइल काढलेले दोघं-तिघं होतेच.

मिशीवाला जवळ आला. या वेळी त्याच्या आवाजात थट्टा नव्हती. "काय पाजतोस रे तिला?"

"तू काय पाजलंस ते सांग आधी."

"मी?"

"माझी बादली तुझ्या बग्गीपाशी असते."

मिशीवाल्याने मिशीवरून हात फिरवला. "माझ्या घोड्याला पाजायला मला पाणी मिळत नाही, तुझ्या घोडीला विष कुठून आणू?"

दुसऱ्या दिवसापासून बग्गीवाला घरून कॅन भरून पाणी नेऊ लागला. तळाच्या हौदाला त्याची बादली लागली नाही. तळावरच्यांनी तेही पाहिलं आणि आपापसात ठरवलं, की त्या कॅनमध्येच काहीतरी आहे. असा तो आता दोन्ही बाजूंनी संशयात होता. घेणाऱ्याच्याही आणि देणाऱ्याच्याही. चार दिवसांत पालिकेचा माणूस येऊन सांगून गेला की घोडी तपासणीला आणा, तोवर बग्गी जोडायची नाही. तक्रार कुणी केली ते त्याने सांगितलं नाही. बग्गीवाल्याने मनातल्या मनात सगळ्यांनाच धरलं.

त्या संध्याकाळी तो घोडीला बांधत असताना बायको रिकामी बादली न्यायला आली.

"अहो, एवढं वर कशाला बांधता? मान अवघडेल तिची."

"वर बांधलं की हात पोचत नाही कुणाचा."

"कुणाचा?"

तो गाठ आवळत राहिला. आडोशापलीकडे हातोडीची टकटक चालली होती, ती थांबली.

"माझ्या भावाचा?" बायको म्हणाली.

"मी नाव घेतलं का?"

"नाव घ्यायचं राहिलंय काय? किल्ल्या तीन, माणसं तीन. मी तर घोडी घेऊन हवा खायला जात नाही."

"तू नाही गं."

"मग विचारा की त्याला सरळ. तो काय परदेशात आहे? फळीपलीकडे आहे."

"विचारलं की चोर सावध होतो."

"आणि चोर नसला तर?"

बग्गीवाल्याने यावर विचार केला. "तर त्याला वाईट वाटेल."

"तेवढी तरी अक्कल शिल्लक आहे," असं म्हणून ती बादली घेऊन गेली. जरा वेळाने टकटक पुन्हा सुरू झाली. मेहुणा रात्री जेवायला आला, जेवला, आणि पहिल्यांदाच काही विनोद न करता निघून गेला. बग्गीवाल्याला वाटलं, मनात काळंबेरं नसतं तर हा बोलला असता.

तपासणीला दोन माणसं लागतात. एकाने घोडी धरायची, दुसऱ्याने प्रश्नांना उत्तरं द्यायची. बायकोने भावाला पाठवलं. "तो येईल," एवढंच ती म्हणाली, आणि त्या आवाजापुढे बग्गीवाल्याने वाद घातला नाही. वाटेत घोडीच्या एका बाजूला हा, दुसऱ्या बाजूला तो. घोडी मधे, मान तिरकी धरून.

पालिकेच्या आवारात डॉक्टरीणबाई गमबूट घालून उभी होती. कमी बोलणारी बाई. तिने घोडीला चालवायला लावलं, दुडकी धावायला लावलं, दात बघितले, छातीला नळी लावून ऐकलं. मग पट्ट्याची जागा चाचपली.

"कुठे घट्टा नाही. खूर स्वच्छ. जनावर निगेत आहे," ती म्हणाली. बग्गीवाल्याची छाती जरा फुगली. मग ती पायांशी उकिडवी बसली आणि बराच वेळ उठली नाही.

"ही धावताना पडत नाही," ती म्हणाली. "धावताना पडली असती तर गुडघे फुटले असते. गुडघ्यांना फारसं काही नाही, खालचे सांधे सोललेत. ही उभ्या उभ्या कोसळते. झोपेने."

"घोडा उभ्यानेच झोपतो, डॉक्टरबाई."

"डुलक्या उभ्याने घेतो. पण गाढ झोपेसाठी त्याला आडवं व्हावंच लागतं, थोडा वेळ का होईना. ते मिळालं नाही की एक दिवस झोप उभ्यानेच गाठते आणि पाय दुमडतात. सकाळी कुशीवर शेणाचा डाग असतो का?"

"हल्ली नसतो," तो म्हणाला, आणि त्याला त्यातही थोडा अभिमान होता. "स्वच्छ राहते."

डॉक्टरीणबाईने मान वर करून त्याच्याकडे बघितलं. "रात्री कशी बांधता?"

हा प्रश्न बग्गीवाल्याला ठाऊक होता. परवाना देताना दरवर्षी विचारतात. जनावर आखूड बांधायचं नाही, हा नियम. त्याचं उत्तर तयार होतं.

"मोकळीच असते," तो म्हणाला.

मेहुणा घोडीची म्होरकी धरून उभा होता. तो घोडीच्या कपाळावरचे केस बोटांनी विंचरत राहिला.

"खाली गवत?"

"भरपूर."

"शेजारी दुसरं जनावर होतं, ते गेलं का? जागा बदललीत?"

"नाही."

डॉक्टरीणबाई उठली आणि घोडीच्या पाठीवरून, कमरेवरून दाबत मागे गेली. "मग दुखणं असणार. मोकळी असून आडवी होत नाही, म्हणजे खाली बसलो तर उठता येणार नाही अशी तिला भीती आहे. कंबर किंवा मागचे सांधे. चालीत दिसत नाही, पण वय आहे. अशा वेळी हे सुधारत नाही."

"म्हणजे?"

"म्हणजे बग्गीला नाही. कुणी बसलेलं असताना कोसळली तर माणूस मरेल. परवाना बंद करावा लागेल."

बग्गीचा परवाना गेलेली, वय झालेली घोडी कोण विकत घेतो, हे त्या आवारात उभ्या असलेल्या प्रत्येकाला माहीत होतं. त्या माणसाचं नाव तळावर कुणी घेत नाही. तो आपणहून येतो.

बग्गीवाल्याने मेहुण्याकडे बघितलं. दोराचं त्याला माहीत होतं, रोज दिसत होतं. तरी हा गप्प का? माझा खोटेपणा झाकायला गप्प आहे, की घोडी गेली तर बरंच, दाजीची जिरली, म्हणून? दोन्ही शक्य होतं. बग्गीवाल्याला नेहमीच दोन्ही शक्य दिसायचं. पण डॉक्टरीणबाई आता सहकाऱ्याला हाक मारत होती, आणि कुणाच्या मनात काय आहे हे शोधायला वेळ नव्हता.

"आखूड बांधतो," तो म्हणाला.

"काय?"

"रात्री. आखूड बांधतो."

"किती आखूड?"

त्याने अंगठा आणि करंगळी ताणून दाखवली. मग हात डोक्याच्या उंचीला नेऊन कडी कुठे आहे तेही दाखवलं. डॉक्टरीणबाईचा चेहरा बदलला नाही, पण हाक मारलेल्या सहकाऱ्याला तिने हातानेच थांबवलं.

"केव्हापासून?"

"हिवाळा लागल्यापासून."

"का?"

"तिला कुणीतरी चोरून नेतंय, असं वाटत होतं."

"कोण?"

बग्गीवाला जमिनीकडे बघत राहिला. तिथे घोडीची लीद पडली होती, तिच्यात काही बघण्यासारखं नव्हतं.

"मी," मेहुणा म्हणाला.

"तुम्ही नेत होता?"

"नाही. त्यांना वाटत होतं तो मी."

डॉक्टरीणबाईने दोघांकडे आळीपाळीने बघितलं. "ते तुमचं घरचं. मी घोडीचं सांगते ते ऐका. दोर काढा. नुसता लांब करायचा नाही, काढायचाच. तिला वळता येईल, लोळता येईल, पाय पसरून उठता येईल एवढी जागा. आत्ता किती आहे?"

"अर्धी शेड," मेहुण्याने सांगितलं.

"पुरी करा. काम बंद. मी परत बघेन. आडवी व्हायला लागली तर बोलू. नाही झाली तर मघाशी म्हणाले तेच." मग बग्गीवाल्याला म्हणाली, "एवढी निगा राखता, आणि जनावर बसतं की नाही हे बघितलं नाहीत?"

"गाठ बघत होतो," तो म्हणाला.

घरी पोचल्यावर मेहुण्याने चहालाही न थांबता आडोशाच्या फळ्या उचकटायला सुरुवात केली. सोफे, खुर्च्यांचे सांगाडे, काथ्याची पोती, सगळं अंगणात निघालं. बायको दारात उभी राहून बघत होती. नवऱ्याशी ती त्या दिवशी बोलली नाही. भावाशीही नाही, पण त्याच्या पुढ्यात ताट आधी ठेवलं.

घोडी मोकळी झाली, गवताचा जाड थर अंथरला, आणि घोडी त्याच कडीखाली, भिंतीला नाक लावून, मान वर धरून उभी राहिली. गळ्यात दोर नव्हता. तरी बांधल्यासारखीच. पहिला दिवस गेला, दुसरा गेला. कुशीवर डाग नाही. बग्गीवाल्याला वाटायला लागलं, डॉक्टरीणबाई चुकली. किंवा तिने मुद्दाम चुकीचं सांगितलं, तळावरच्या कुणाशी संगनमत करून. मग त्याने दोष हातोडीला दिला. मेहुणा आता अंगणात, शेडच्या दारापासून चार पावलांवर काम करत होता.

"तुझी ठोकाठोक बंद कर. तिला झोप लागत नाही."

मेहुण्याने हातोडी खाली ठेवली. सगळीकडे सामसूम झाली. शेडमधल्या घोडीने लगेच डोकं वर केलं, कान दाराकडे वळवले, खूर आपटला. फेऱ्या घालायला लागली. थांबेना.

बायको धुणं वाळत घालत होती. ती तिकडूनच म्हणाली, "तिला त्या आवाजाची सवय आहे. तो थांबला की तिला वाटतं काहीतरी झालं. घरात आणखी एकाचा तसाच स्वभाव आहे."

बग्गीवाल्याने घोडीच्या आणखी दोन फेऱ्या बघितल्या. मग मेहुण्याला म्हणाला, "ठोक."

"काय?"

"ठोक म्हणतोय ना."

मेहुण्याने चुका, म्हणजे बारीक खिळे, तोंडात धरल्या आणि खुर्चीच्या चौकटीवर एकेक ठोकायला लागला. टकटक, टकटक. बग्गीवाला दाराच्या फटीला डोळा लावून बसला. घोडीच्या फेऱ्या आधी संथ झाल्या, मग थांबल्या. तिने गवत हुंगलं, एकदा पुढच्या पायाने उकरलं, आणि सावकाश, जुनं कपाट जिन्यावरून उतरवावं तशी, खाली गेली. आधी पोटावर. मग एका कुशीवर, मान लांब टाकून.

थोड्या वेळाने तिचे पाय झटकू लागले. बग्गीवाला ताडकन उठला. मेहुण्याने मागून त्याचा सदरा धरला.

"आत जाऊ नका, दाजी. उठेल ती."

"पाय झाडतेय. मरतेय ती."

"पोट बघा. श्वास चाललाय. स्वप्न पडत असेल."

"घोडीला कसलं स्वप्न पडतं?"

"कुणीतरी आपल्याला चोरून नेतंय, असं."

बग्गीवाल्याने वळून त्याच्याकडे बघितलं. मेहुण्याच्या तोंडात अजून दोन चुका होत्या आणि तो हसत होता की नाही ते सांगता आलं नसतं.

पुढच्या काही आठवड्यांत सांध्यांच्या खपल्या सुकून पडल्या. सकाळी कुशीवर हिरवट डाग दिसायला लागला. बायको म्हणते, तो घासताना नवरा पहिल्यांदाच कुरकुरला नाही. दुसऱ्या तपासणीला डॉक्टरीणबाईने घोडीच्या सांध्यांवरून बोट फिरवलं, शेपटीतली एक काडी ओढून काढली, ती बघितली आणि टाकून दिली. परवाना चालू ठेवला. अट एकच, घोडी कायम मोकळी राहील, पुरी शेड तिची. कधीही येऊन बघेन, असंही ती म्हणाली. बग्गीवाल्याला ते पटलं. तोही तेच म्हणाला असता.

तळावर मिशीवाल्याने त्याला जागा करून दिली आणि घोडीचे पाय बघून म्हणाला, "काय पाजलंस रे?" बग्गीवाल्याने बादली हौदाला लावली. आधी पाण्यात हात बुडवून वास घेतला, मग लावली.

राहिला मेहुण्याचा प्रश्न. शेड आता घोडीची झाली, म्हणजे त्याचं काम कायमचं अंगणात. भिंतीला टेकून पत्र्याचं छप्पर काढायचं ठरलं. दोघांनी मिळून दोन दिवसांत खांब रोवले, पत्रे चढवले. कामापुरतं बोलत होते. इकडे, तिकडे, धर, सोड. तिसऱ्या दिवशी सकाळी मेहुणा एका मोठ्या सोफ्याची पाठ भरत होता. बग्गीवाला त्याच्यापुढे येऊन उभा राहिला.

"तू नेली होतीस का तिला? एकदा तरी?"

मेहुण्याच्या तोंडात चुका होत्या. त्याने त्या एकेक करून तळहातावर काढल्या. घाई केली नाही.

"काय सांगितलं तर पटेल तुम्हाला, दाजी?"

बग्गीवाल्याने खरोखर विचार केला. हा नाही म्हणाला, तर लपवतोय असं वाटेल. हो म्हणाला, तर एकदाच कशी, असं वाटेल. बहिणीची शपथ घेतली, तर शपथ एवढ्या लगेच कशी घेतली, असं वाटेल. चौथं काही त्याला सुचलं नाही.

"काहीच पटणार नाही," तो म्हणाला.

"बरं झालं सांगितलंत," मेहुणा म्हणाला. "मग उगीच तोंड कशाला शिणवू?" त्याने चुका डबीत टाकल्या, हात झटकले आणि सोफ्याच्या एका टोकाला गेला. "ते टोक धरा. कापडावर ऊन येतंय. छपराखाली घेऊ."

सोफा जड होता. बग्गीवाल्याला उलटं चालावं लागत होतं, मेहुणा समोरून पावलं टाकत होता. बायको खिडकीतून बघत होती.

"मागे पायरी आहे," मेहुणा म्हणाला.

बग्गीवाल्याने थांबून मागे वळून बघितलं. पायरी होती.